थांबा म्हणणारे आपण कोण?

मंडळी, म्हाताऱ्या कलावंताकडे बघून "आता यांनी थांबावं की!" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. रॉक गायक ओझी ऑसबोर्नला कंपवाताने धड उभं राहवत नव्हतं. जुलै २०२५ मध्ये बर्मिंगहॅमला तो खुर्चीत बसून गायला आणि १७ दिवसांनी गेला. त्यात लाज कसली? आपले शाहीर विठ्ठल उमप २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, व्यासपीठावरच कोसळले. गाणं हाच ज्याचा श्वास, त्याला घरी बसवणारे आपण कोण?

लाज वाटायला हवी ती वेगळ्याच गोष्टीची. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचा जन्म आपल्या पंढरपूरचा. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पदकं मिळाली, पण शेवट हलाखीतच. २००२ मध्ये गेल्या, तेव्हा दवाखान्याचा खर्चही लोकांच्या मदतीतून भागला. नंतर सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार काढला!

वृद्ध कलावंतांचं मानधन आता महिना ५००० रुपये झालंय. त्यात औषध आणायचं की ज्वारी?

मला पेन्शन आहे, म्हणून मी खडू खाली ठेवू शकलो. तमाशातल्या बाईने घुंगरू कशाच्या भरवशावर सोडायचे? आधी म्हातारपणाची सोय करा. मग थांबायचं की नाही, ते त्यांचं ते ठरवतील.