जाहिरातीचं पावतीपुस्तक आणि बातमीची वही एका हातात नको!



६ जानेवारी हा महाराष्ट्रात पत्रकार दिन. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच तारखेला मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं. या दिवशी तालुक्याच्या गावी काय चालतं ते तुम्ही दरवर्षी पाहता. शासकीय विश्रामगृहात नाहीतर बाजार समितीच्या सभागृहात कार्यक्रम. व्यासपीठावर आमदार, कारखान्याचे संचालक, पतसंस्थेचे चेअरमन, पोलीस निरीक्षक. बातमीदारांना शाल, श्रीफळ, डायरी आणि पेन. मग भाषणं. पत्रकारिता हा लोकशाहीचा चौथा स्तंभ, पत्रकाराने निर्भीड असावं, लेखणी विकू नये, वगैरे. टाळ्या होतात, आभार होतात, आणि जेवणाच्या रांगेत तोच बातमीदार त्याच चेअरमनना हळूच विचारतो, “साहेब, वर्धापनदिनाच्या पुरवणीला यंदा पाव पान धरू ना?”

हे पत्रक त्या पाव पानाबद्दल आहे.

पत्रकारितेतल्या नैतिक पेचांवर शहरात परिसंवाद होतात. पीडितेची ओळख कितपत झाकायची, आत्महत्येची बातमी कशी द्यायची, सूत्राचं नाव कोर्टात सांगायचं का, अपघातातल्या माणसाला आधी उचलायचं की आधी फोटो काढायचा. हे प्रश्न खरे आहेत आणि ते सुटायलाच हवेत. पण तालुक्यात यातले बरेचसे प्रश्न बातमीदाराच्या विवेकापर्यंत पोचतच नाहीत. त्यांचा निकाल जाहिरातीच्या हिशेबात आधीच लागलेला असतो. म्हणून आमचं म्हणणं एवढंच: ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याकडूनच ज्याला पोट भरावं लागतं, त्याला नीतिमत्तेचे पाठ देणं हे ढोंग आहे. आणि या ढोंगाचा फायदा मालकाला होतो.

धंदा चालतो कसा

तालुक्याच्या बातमीदाराला दैनिकाकडून ओळखपत्र मिळतं. गाडीवर लावायला ‘प्रेस’ त्याचं त्यानेच रंगवून घ्यायचं. पगार बहुतेक ठिकाणी नाही. मानधन असलं तर ते पेट्रोलला पुरत नाही. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी, वर्धापनदिन आणि साहेबांचा वाढदिवस, या प्रत्येकाला टार्गेट. जाहिरात छापून येते, पैसे सहा-सहा महिने येत नाहीत, आणि वसुली थकली की रक्कम त्याच्याच कमिशनमधून वळती होते. नियुक्तिपत्र नाही, त्यामुळे काढून टाकायला नोटीसही लागत नाही. या पत्रकाखाली नावं का नाहीत, याचं उत्तर यात आलं.

आता एक साधी बातमी घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेची नवी खोली पहिल्याच पावसात गळू लागली. मुख्याध्यापकांचा फोन येतो. बातमीदार जातो, फोटो काढतो. फळ्यावरून ओघळ आलेत, मधोमध बादली ठेवलीय, पोरं व्हरांड्यात दाटीवाटीने बसलीत. कामाच्या फलकावर ठेकेदाराचं नाव आणि अंदाजपत्रकीय रक्कम ठळक आहे. त्याच ठेकेदाराने दिवाळी पुरवणीला अर्धं पान दिलंय आणि त्याचे पैसे अजून यायचेत.

नाव छापलं तर ते पैसे बुडाले, आणि पुढच्या वर्षीचं अर्धं पान समोरच्या पेपरात गेलं. बातमी दाबली तर मुख्याध्यापक आणि पालक तोंडावर विचारणार. मग मधला रस्ता निघतो. दुसऱ्या दिवशी दोन कॉलमात येतं: ‘शाळेच्या खोलीला गळती, पालकांत नाराजी’. फोटो आहे, बादली आहे, पालकांची नाराजी आहे. खोली कुणी बांधली, बिल कुणी काढलं, कामाच्या दर्जाची तपासणी कुणी केली, यातलं काहीही नाही. एक अक्षर खोटं नाही, तरी बातमी खोटी आहे. आणि वाचणाऱ्याला वाटतं, पेपरवाल्यांनी आवाज उठवला.

कोणत्याही आचारसंहितेत या बातमीवर बोट ठेवता येणार नाही. म्हणूनच ती धोक्याची.

नाव कुणाचं छापायचं आणि कुणाचं नाही

लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. पोक्सो कायद्याचं कलम २३ आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ तेच सांगतं. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं: नाव नाही छापलं तरी ज्यावरून ओळख पटेल असा कुठलाही तपशील देता येणार नाही. आणि तरीही आपण काय वाचतो? ‘अमुक वस्तीवर राहणारी, सातवीत शिकणारी, ऊसतोड कामगाराची मुलगी.’ दोन हजार वस्तीच्या गावात याला नाव झाकणं म्हणत नाहीत.

त्याच बातमीत आरोपी कुणाचा पुतण्या असला तर तो ‘एका प्रतिष्ठित घराण्यातील तरुण’ होतो. पतसंस्थेत ठेवीदारांचे पैसे अडकले तर ती ‘शहरातील एक नामांकित पतसंस्था’. आणि मोटारसायकल चोरल्याच्या संशयावरून पकडलेल्या पोराचा मात्र नाव, गाव, वयासकट फोटो, दोन पोलिसांच्या मधे उभा केलेला. गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष, हे तत्त्व त्या पोराला लागू नाही, कारण त्याच्या बापाने कधी पाव पान दिलेलं नाही.

पीडितेला कायद्याने दिलेलं संरक्षण आपण मोडतो आणि आरोपीला कायद्याने न दिलेलं संरक्षण बहाल करतो. हा पेच कसला? ही वाटणी आहे.

कुणाचा आवाज छापायचा याची वाटणी महाराष्ट्रात नवी नाही. १९२० साली डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढलं, तेव्हा त्याची जाहिरात पैसे मोजूनही छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही. तेव्हा जात आडवी आली. आज जात आहेच, शिवाय दरपत्रक आलं. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर व्याख्यान देताना बाबासाहेबांनी वृत्तपत्रांच्या धंद्याची बरोबरी साबणाच्या कारखान्याशी केली होती. ऐंशी वर्षं उलटली. साबणाच्या वेष्टनावर निदान किंमत तरी छापलेली असते.

किंमत न छापलेली बातमी

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत ही किंमत चव्हाट्यावर आली. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचा तोच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून आला होता. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त ते पुराव्यानिशी मांडलं. भोकर मतदारसंघाच्या खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे २०१४ मध्ये न्यायालयाने अशा हिशेबाची चौकशी करायचा निवडणूक आयोगाचा अधिकार मान्य केला. आयोगाने जुलैत चव्हाणांना नोटीस काढली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना असाच खर्च न दाखवल्यावरून आयोगाने २०११ साली तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं होतं.

या सगळ्यात एक गोष्ट पाहा. नोटीस उमेदवाराला, अपात्रता उमेदवाराला. ज्यांच्या पानांवर तो मजकूर बातमी म्हणून आला त्यांचं काय? प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांकडून पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, ७१ पानांचा अहवाल करून घेतला. त्यात वृत्तपत्रांची नावं होती. जुलै २०१० मध्ये कौन्सिलने नावं गाळून एक आटोपशीर अहवाल प्रसिद्ध केला. दुसऱ्यांची नावं रोज छापणाऱ्या धंद्याला स्वतःचं नाव छापून आलेलं सोसवलं नाही. पूर्ण अहवाल बाहेर यायला माहिती अधिकाराची लढाई लढावी लागली. पेड न्यूज हा निवडणूक गुन्हा ठरवा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ साली केली. ती धूळ खात पडली आहे.

जो लिहितो त्याच्या पाठीशी कोण?

तरीही लिहिणारे आहेत. ‘महानगरी टाइम्स’चे शशिकांत वारिशे राजापूर तालुक्यातल्या प्रस्तावित रिफायनरीबद्दल सातत्याने लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांची एक बातमी प्रसिद्ध झाली आणि त्याच दिवशी राजापूरला त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविषयी बातमी होती त्याच्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाला.

पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ साली कायदा मंजूर केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड. चांगलं झालं. पण मारहाणीविरुद्ध कायदा आता आला. फुकट राबवून घेण्याविरुद्धचा कायदा १९५५ पासून होता, आणि तो मोडणारे गुंड नव्हते, मालक होते. वृत्तपत्र कर्मचाऱ्यांसाठीच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित केल्या. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारी २०१४ मध्ये हरले. तरी पैसे दिले नाहीत. अवमान याचिका झाल्या. जून २०१७ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं की शिफारशी कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत आणि कमी वेतनाला संमती लिहून घेतली म्हणून मालकाची सुटका होत नाही. दुसऱ्यांच्या थकलेल्या पगारावर पहिल्या पानावर अश्रू ढाळणाऱ्या किती दैनिकांनी ही बातमी ठळक छापली, ते आठवून पाहा.

दोन आक्षेप

पहिला: “बातमीदारच खंडणी मागतात.” मागणारे आहेत. हातात मोबाइल, पुढे बूम आणि यूट्यूब चॅनेलच्या नावावर शाळा, दवाखाने, रेशन दुकानं फिरणारे तर गल्लोगल्ली झालेत. खंडणी हा गुन्हा आहे. पोलिसांत तक्रार करा, आम्ही साक्षीला येऊ. पण ओळखपत्र द्यायचं आणि पगार द्यायचा नाही, याचा अर्थ काय होतो? तुझं तू बघून घे, हाच ना? मग त्याने बघून घेतलं की मालक हात झटकून मोकळा.

दुसरा: “जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही.” अगदी बरोबर. पाच-सहा रुपयांत कागदाचा खर्चही निघत नाही, हे वाचकानेही समजून घ्यावं आणि जास्त किंमत मोजायची तयारी ठेवावी. जाहिरात हवीच. ती बातमीदाराने आणू नये, एवढंच आमचं म्हणणं. न्यायाधीशाला पक्षकाराकडून फी गोळा करायला आपण पाठवत नाही.

आमच्या मागण्या

१. बातमी लिहिणाऱ्याला जाहिरातीचं टार्गेट देऊ नये. जाहिरात प्रतिनिधी वेगळा नेमावा आणि थकबाकी बातमीदाराच्या माथी मारू नये.

२. प्रत्येक तालुका बातमीदाराला लेखी नियुक्तिपत्र आणि दरमहा वेतन द्यावं.

३. पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द मथळ्याइतक्याच मोठ्या अक्षरात असावा. कोपऱ्यातली बारीक अक्षरं चालणार नाहीत.

४. आरोपीचं नाव छापायचा नियम सगळ्यांना एकच असावा. चोरीच्या संशयिताला जो, तोच संचालकाला. पीडितेच्या बाबतीत गाव, वस्ती, शाळा, आईवडिलांचा धंदा यातलं काहीही छापू नये.

५. बातमी चुकली तर दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच जागेत यावी.

६. शासकीय जाहिराती देताना त्या दैनिकाने तालुका बातमीदारांना नियुक्तिपत्रं आणि वेतन दिल्याचा दाखला शासनाने मागावा. जनतेच्या पैशाने वेठबिगारी पोसू नये.

तुम्ही काय कराल?

निवडणुकीच्या दिवसांत दोन पेपर शेजारी ठेवून वाचा. मजकूर सारखा दिसला तर कात्रणं तारखेसह जपा आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे द्या. चुकीच्या किंवा ओळख उघड करणाऱ्या बातमीबद्दल आधी संपादकाला लेखी कळवा. दाद लागली नाही तर दैनिकाविरुद्ध बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. कौन्सिलच्या हाती दंड नाही, ताशेरे ओढणं एवढंच आहे. तरी ताशेऱ्यांची नोंद राहते.

रागाने पेपर बंद मात्र करू नका. त्याचा पहिला फटका गावातल्या एजंटला बसतो आणि बऱ्याच ठिकाणी एजंट आणि बातमीदार एकच असतो. त्यापेक्षा संपादकाच्या नावे एक पत्र लिहा, प्रत मालकाला. प्रश्न एकच विचारा: आमच्या तालुक्यातल्या तुमच्या बातमीदाराला तुम्ही दरमहा किती पगार देता? गल्लीतल्या, आळीतल्या, वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. एका वाचकाचं पत्र टोपलीत जातं. शंभर वाचकांचं जात नाही, कारण जाहिरातीचा दर ठरवताना मालक तुमचीच संख्या दाखवत असतो.

आपले,
तालुक्यात बातमीदारी करणारे काही जण

(हे पत्रक वर्गणी काढून छापलं आहे. यात कुणाचीही जाहिरात नाही.)