बुटांचा रंग : आधी कपाट, मग दुकान

भोसरीतील लघुउद्योजक सकाळी यंत्रांजवळ असतो, दुपारी चाकणच्या मोटार कारखान्यातील खरेदी विभागात दर ठरवावयास जातो आणि सायंकाळी नातलगांच्या स्वागतसमारंभास हजर राहतो. यंत्रांजवळ सुरक्षा बूट असतात. उरलेल्या दोन ठिकाणी कोणता रंग शोभेल, याचा विचार मात्र दुकानात पोहोचल्यावरच सुरू होतो. नजरेत भरला म्हणून फिकट तपकिरी जोड घरी येतो. कपाटातील विजारी काळ्या आणि करड्या! जोड तसाच पडून राहतो.

वास्तविक आधी विजारींची मोजदाद करावी. काळ्या व गडद करड्या अधिक असतील, तर पहिला जोड काळाच घ्यावा. खाकी, बदामी वा शेवाळी अधिक असतील, तर गडद तपकिरी घ्यावा. गडद निळी विजार दोहोंशी जुळते. मरून रंग करड्या व निळ्या विजारीवर खुलतो; मात्र तो दुसरा जोड असावा. काळ्या विजारीखाली तपकिरी बूट टाळावेत. पट्टा बुटांच्या रंगाचा व मोजे विजारीच्या रंगाचे असावेत.

चामडे वर्ज्य मानणाऱ्या जैन कुटुंबांत रंगाआधी द्रव्याचा प्रश्न येतो. वरचा भाग कृत्रिम असला, तरी अस्तर चामड्याचे असू शकते. अनेक बुटांवर छापील खुणा असतात : पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, विणलेली जाळी म्हणजे कापड आणि साधा तिरपा चौकोन म्हणजे इतर द्रव्य. वरचा भाग, अस्तर व तळ यांच्या खुणा स्वतंत्रपणे पाहाव्यात. पट्ट्याबाबतही हीच चौकशी करावी.

कृत्रिम चामड्याचा स्वभावही ध्यानी घ्यावा. पॉलिशने त्याचा रंग गडद करता येत नाही. म्हणून निवड दुकानातच पक्की करावी. विजार सोबत न्यावी आणि जोड दाराशी, उजेडात पाहावा. दिव्याखाली काळा व गडद तपकिरी यांत फसगत होते. पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत, न वापरताही, कालांतराने सुटू लागतो. हौसेने घेतलेले चार जोड पावसाळ्यागणिक कपाटातच जीर्ण होतात. आलटून पालटून वापरलेले दोन जोड पैसे वसूल करून देतात. अपरिग्रहाची शिकवण आणि व्यापाऱ्याची खतावणी येथे एकच उत्तर देतात.