विश्लेषण : फोन पाण्यात पडला तरी फोटो वाचतील?

भुशी धरणाच्या पायऱ्यांवर, लोहगडाच्या वाटेवर किंवा मावळातल्या भातखाचरात मोबाइल पाण्यात पडणे पावसाळ्यात नवे नाही. नवा फोन लोणावळ्याच्या बाजारात मिळतो. त्यातले लग्नाचे फोटो आणि पीकनुकसानीचे पुरावे मिळत नाहीत. म्हणून नव्या फोनवर पहिल्याच दिवशी क्लाउडची व्यवस्था लावायला हवी.

जागा किती मिळते?

क्लाउड म्हणजे कंपनीच्या संगणकांवर इंटरनेटमार्फत ठेवलेली आपली प्रत. गूगल खात्यावर १५ जीबी जागा मोफत असते, ॲपलच्या आयक्लाउडवर ५ जीबी. गूगलच्या १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो असे तिघे वाटेकरी आहेत. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता हीच जागा घेतो.

सुरुवात कशी करावी?

गूगल फोटोज उघडून आपल्या खात्याच्या चित्रावर टॅप करावे आणि बॅकअप सुरू करावा. ‘फक्त वाय-फायवर’ ही निवड डेटा वाचवते. पण घरी वाय-फायच नसेल तर बॅकअप होतच नाही. अशांनी मोबाइल डेटाला परवानगी देऊन रोजची मर्यादा ठरवावी. व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच्या सेटिंग्जमधील ‘चॅट्स’मध्ये वेगळा सुरू करावा लागतो.

फसगत कुठे होते?

फोन भरला म्हणून गूगल फोटोजमधून फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जातो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, नंतर कायमचा पुसला जातो. फक्त फोनमधली जागा रिकामी करण्यासाठी त्याच ॲपमध्ये वेगळा पर्याय आहे, तोच वापरावा.

खात्याची किल्ली कुठे ठेवावी?

खरी अडचण फोन गेल्यावर कळते. नव्या फोनवर खाते उघडताना कोड मागितला जातो आणि तो येतो पाण्यात गेलेल्या फोनवरच! त्यामुळे पासवर्ड आणि गूगलचे बॅकअप कोड कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवावेत. खात्याला घरातील दुसऱ्या विश्वासू व्यक्तीचा नंबरही जोडावा.

शेवटी एकदा दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर खाते उघडून कालचा फोटो दिसतो का, हे पाहावे आणि आठवणीने लॉगआउट करावे. तो दिसला, तरच बॅकअप झाला असे समजावे. ही तपासणी पहिल्या सरीआधी झालेली बरी.