‘जोखीम नाही’ म्हणणाऱ्या सट्ट्याचे दुखणे

अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करणाऱ्या एक ताई गेल्या महिन्यात दवाखान्यात आल्या. सहा वर्षांपासून त्यांचा रक्तदाब मी पाहतो आहे. गोळी चुकवत नाहीत, मिठाचे पथ्य पाळतात, त्यामुळे एरवी १३०/८० च्या आसपास असतो. त्या दिवशी १७४/१०२ निघाला. पाच मिनिटे बसवून पुन्हा मोजला, तरी तेवढाच. ‘‘गोळी चुकली का, ताई?’’ असे विचारले, तर त्यांनी डोळ्यांना पदर लावला. ‘‘गोळी नाही चुकली, डॉक्टरसाहेब. माझं बँकेचं खातं बंद केलंय. मानधन जमा झालंय, पण काढता येत नाही. सायबर पोलिसांचा होल्ड आहे म्हणतात. मी मेलीनं काय केलं, तेच कळेना.’’

ताईंनी काहीच केले नव्हते. त्यांच्या मुलाने त्यांचे आधार आणि पॅन कार्ड वापरून सट्ट्याच्या साइटवर खाते उघडले होते आणि पैसे त्यांच्या बँक खात्यात मागवले होते. दोन दिवसांनी तोही आला. वय सव्वीस, अभियांत्रिकीचा पदवीधर, नोकरीच्या शोधात. तक्रारी चार: झोप लागत नाही, छातीत धडधडते, पोटात जळजळ होते, हात थरथरतात. ई.सी.जी. व्यवस्थित, थायरॉईड व्यवस्थित. रात्री किती वाजता झोपतोस, या प्रश्नाचे उत्तर मिळायला दहा मिनिटे लागली. ‘‘तीन, कधी चार. पण डॉक्टर, मी जुगार खेळत नाही. हे आर्बिट्रेज आहे. यात हरताच येत नाही.’’

दोघांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने हे लिहीत आहे. कारण हा शब्द आता आपल्या तालुक्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे आणि तो औषधाच्या बाटलीवरील खोट्या लेबलासारखा काम करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम त्या मुलाचे गणित समजून घेऊ. कारण गणित चुकीचे नाही. समजा, दोन खेळाडूंचा टेनिसचा सामना आहे. एका बुकीकडे पहिल्या खेळाडूचा भाव २.१० आहे, म्हणजे तो जिंकला तर लावलेल्या रुपयाचे दोन रुपये दहा पैसे मिळतात. दुसऱ्या बुकीकडे दुसऱ्या खेळाडूचा भाव २.०५ आहे. पहिल्यावर ४,९४० आणि दुसऱ्यावर ५,०६० असे एकूण दहा हजार रुपये लावले, तर कोणीही जिंकला तरी साधारण १०,३७४ रुपये परत येतात. वरचे पावणेचारशे रुपये नफा. सामना कोण जिंकतो याच्याशी देणेघेणे नाही. हिशेबी तरुणाला भुरळ पडावी, असेच हे आहे.

पण कागदावरचे गणित आणि रात्री दीड वाजता मोबाईलवर केलेले गणित यांत फरक आहे. असा फरक बाजारात काही सेकंद, फार तर काही मिनिटे टिकतो. एका ठिकाणी पैसे लावून दुसऱ्या ठिकाणी जावे, तोवर तिथला भाव उतरलेला असतो. मग एक पाय होडीत आणि एक काठावर, अशी गत. आता समोर दोनच वाटा: ठरलेला तोटा सोसून बाहेर पडायचे, की ‘लागेल आपल्या बाजूने’ म्हणून थांबायचे? जो थांबला, तो त्या क्षणी साधा सट्टेबाज झाला. त्याने स्वतःला काहीही म्हणवून घेतले तरी.

दुसरी गोष्ट अशी, की बुकी खुळे नसतात. सातत्याने असा फरक हेरून पैसे लावणारा गिऱ्हाईक त्यांना चटकन ओळखू येतो. जिथे सट्टा कायदेशीर आहे त्या इंग्लंडसारख्या देशातही अशा गिऱ्हाईकाची मर्यादा काही रुपयांइतकी खाली आणतात किंवा खातेच बंद करतात. ‘भाव चुकून लागला होता’ असे सांगून लागलेली पैज रद्द करण्याची सोय त्यांच्या नियमांत असते. एक बाजू रद्द झाली, की दुसरी उघडी पडते. खाते बंद झाले, की आईचे, मग बहिणीचे, मग मित्राचे नाव वापरायचे. ताईंच्या रक्तदाबाचे मूळ इथे होते.

आपल्या देशात तर पायच ठिसूळ जमिनीवर आहे. १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात आहेच. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्यात असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, हे खरे. पण परदेशातून चोरून चालणाऱ्या साइटने पैसे बुडवले, तर दाद कुणाकडे मागणार? या साइट पैशांची देवघेव भाड्याच्या बँक खात्यांतून करतात आणि त्याच खात्यांतून सायबर फसवणुकीचा पैसाही फिरतो. फसलेल्या माणसाने १९३० वर तक्रार केली, की तो पैसा ज्या ज्या खात्यात गेला तिथे होल्ड लागतो. त्यातच एखाद्या आईचे मानधन अडकते.

कराचेही ऐका. पैजेत जिंकलेल्या रकमेवर आपल्याकडे सरसकट ३० टक्के प्राप्तिकर आहे आणि दुसरीकडे हरलेली पैज त्यातून वजा करता येत नाही. वरच्या उदाहरणात पहिला खेळाडू जिंकला, तर जिंकलेली रक्कम ५,४३४ रुपये आणि तिच्यावरचा कर सुमारे १,६३० रुपये. हातात नफा ३७४! म्हणजे प्रामाणिकपणे कर भरणारा माणूस प्रत्येक ‘बिनजोखमी’ सौद्यात बाराशेवर रुपये घालवतो. हे त्या मुलाला मी कागदावर मांडून दाखवले. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे शरीराकडे येतो.

युरोपातील फुटबॉलचे मोठे सामने आपल्याकडे रात्री साडेबारा-दीडला सुरू होतात. टेनिस कुठल्या ना कुठल्या देशात चोवीस तास चालूच असते. भावांतील फरक कधी दिसेल याचा नेम नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते, की बक्षीस दर वेळी न मिळता अनियमितपणे मिळाले, तर ते मिळवण्याची सवय सर्वांत चिवट होते. पडदा खाली ओढून पुन्हा पुन्हा भाव पाहणारे बोट याच नियमाने हलत असते. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी. ती सतत चार तासांवर आली, तर रक्तदाब वाढतो, भूक बिघडते, चिडचिड होते. शिवाय अपुऱ्या झोपेत माणसाचे लक्ष नफ्याकडे जास्त आणि तोट्याकडे कमी जाते, असे प्रयोगांत दिसले आहे. हिशेबासाठी जे डोके शाबूत हवे, तेच या उद्योगात आधी बिघडते.

आपल्या वडिलांच्या पिढीला मटका माहीत होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावाच्या आकड्यांवर मुंबईत पैसे लावले जात, त्यातून तो जन्मला. आकडा लावणारा निदान ‘नशीब’ म्हणत असे, आणि आपण जुगार खेळतो हे त्याला व त्याच्या बायकोला ठाऊक असे. आजचा मुलगा ‘गणित’ म्हणतो. त्यामुळे धोक्याची खूण दिसली, तरी ती आपल्यासाठी नाही असे त्याला वाटते. मला या धंद्यातली सर्वांत वाईट गोष्ट हीच वाटते. पैशांच्या जोखमीहून मोठी जोखीम, आजार वेळेवर न ओळखण्याची आहे.

होय, आजार. जुगाराची विकृती हा जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीतील मान्य आजार आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ साली त्याला दारू व अन्य व्यसनांच्या पंक्तीत बसवले. जगात सुमारे आठ कोटी प्रौढांना तो असावा, असा अंदाज ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’च्या आयोगाने २०२४ मध्ये मांडला. तो केवळ चारित्र्याचा दोष नव्हे, याचा एक पुरावा डॉक्टरांच्या नेहमी पाहण्यातला आहे: कंपवाताच्या काही रुग्णांना प्रामिपेक्सॉलसारखी औषधे सुरू केल्यावर आयुष्यात कधी नव्हे ती जुगाराची ओढ लागते आणि डॉक्टरांनी औषध कमी केले वा बदलले, की ती बहुधा ओसरते. म्हणजे मेंदूतील रसायनांचा यात हात आहे.

भावांतील फरक शोधणारा प्रत्येक जण आजारी असतो, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे ठरेल. पण एकदा उघडी पडलेली बाजू, तिच्यात बसलेला फटका, तो भरून काढण्यासाठी लावलेली दुप्पट रक्कम, ही घसरण फार सोपी आहे. आमच्या या मुलानेही पहिले दोन महिने वहीत नेमका हिशेब ठेवला होता. तिसऱ्या महिन्यात वही कोरी होती.

वाचकांनी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. हे प्रश्न डॉक्टर प्राथमिक चाचणी म्हणून वापरतात. एक: अधिकाधिक पैसे लावण्याची गरज तुम्हाला कधी वाटली आहे काय? दोन: किती खेळता, याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले आहे काय? एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर तज्ज्ञांना भेटावे. मुलाने पहिल्याला ‘नाही’ म्हटले. दुसऱ्याला तो काहीच बोलला नाही.

ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही, त्यांना माझा सल्ला सरळ आहे: करू नका. ‘रोज हजार रुपये, जोखीम शून्य’ असे शिकवण्यासाठी फी मागणाऱ्याला एवढेच विचारा, की बाबा, मग तू शिकवणीची फी का घेतोस?

जे अडकले आहेत, त्यांनी आजच्या आज घरातील एका तरी माणसाला पूर्ण आकडा सांगावा. अर्धा सांगू नये. इतरांच्या नावावरची खाती बंद करावीत. रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. शेजाऱ्याकडून झोपेच्या गोळ्या मागून घेऊ नयेत. एका सवयीच्या जागी दुसरी येईल. या आजारात विचार आणि वर्तन बदलण्याचे समुपदेशन उपयोगी पडते, गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञ औषधही देतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवता येते. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री विनामूल्य बोलता येते.

घरच्यांना एक विनंती. शिव्या देऊ नका आणि कर्ज गुपचूप फेडूनही टाकू नका. पहिल्याने मुलगा दूर जातो, दुसऱ्याने आजार घरात राहतो. पैशांचा व्यवहार काही काळ दुसऱ्याने हाती घ्यावा. आणि ‘मी गेलो तर सगळे सुटतील’ असे काही तो बोलला, तर ते हसण्यावारी नेऊ नका. जुगारात बुडालेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका वाढलेला असतो. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणा.

ताई परवा पुन्हा येऊन गेल्या. खात्यावरचा होल्ड अजून निघालेला नाही. बँक आणि पोलीस ठाण्याच्या खेपा चालू आहेत. पण त्या खेपा आता मुलगा घालतो, आणि रात्री अकराला आपला मोबाईल आईच्या उशाशी ठेवतो. रक्तदाब १४४/९० होता. गोळी तीच आहे.