साक्ष देणेकऱ्याची नको, घेणेकऱ्याची हवी

सप्टेंबर २००८मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सला उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. जानेवारी २००९मध्ये कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ताळेबंदातले आकडे फुगवल्याची लेखी कबुली दिली. पुरस्कार काढून घेतला गेला. पण सन्मान देण्याची रीत फारशी बदलली नाही. आजही बहुतेक ठिकाणी अर्ज कंपनीचा असतो आणि माहितीही कंपनीचीच.

भोसरी-चाकण पट्ट्यातले आम्ही छोटे कारखानदार, कंत्राटी कामगार, हिशेबनीस आणि ग्राहक ही रीत मोडायला एकत्र आलो आहोत. नीतीने धंदा करणाऱ्या कंपन्यांचा आम्ही जाहीर सन्मान करू. साक्ष मात्र कंपनीकडे ज्यांचे येणे असते, त्यांचीच घेऊ.

सर्वांत आधी वेंडरची. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते झालेच पाहिजे, असे २००६चा कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. पण हे व्याज मागणार कोण? मागितले की पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते. इकडे शेडचे भाडे थांबत नाही, लेथवरच्या मुलाचा पगार थांबत नाही. पेमेंट आलेले नसतानाही त्या बिलावरचा जीएसटी भरावा लागतो. चांगली चालणारी वर्कशॉप काम नसल्यामुळे नव्हे, काम करूनही पैसे न आल्यामुळे बंद पडतात, आणि हे आम्हाला सहन होत नाही.

मग कंत्राटी कामगाराला विचारू: कापलेला पीएफ खात्यावर दिसतो का? ओढ्याकाठच्या वस्तीला विचारू: रात्री पाण्याचा रंग बदलतो का?

सीएसआरचा खर्च आम्ही मोजणार नाही. वेंडरचे पैसे अडकवून शाळेला संगणक देणाऱ्या कंपनीला आमच्या यादीत जागा नाही. हे सारे व्यवहारात जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी जमशेदपूर आठवावे. तिथल्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ साली सुरू झाला, कायद्याची सक्ती येण्याच्या कितीतरी आधी.

आम्ही प्रवेश फी घेणार नाही, कोणत्याही कंपनीचे प्रायोजकत्व घेणार नाही. सन्मान एका वर्षापुरता राहील. तक्रार खरी निघाली तर तो मधेच आणि जाहीरपणे काढून घेऊ. साक्ष देणाऱ्याचे नाव कंपनीला आमच्याकडून कधीही कळणार नाही, ही हमी आम्ही सगळे खाली सह्या करून देत आहोत.