न संपणारी उमेदवारी

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले की परागंदा झाले, याविषयी महाराष्ट्राच्या मनात जो संशय पुढे कित्येक वर्षे रेंगाळत राहिला, त्याच्या आधारावर एक इसम आपणच भाऊसाहेब असल्याचे सांगू लागला. पुणे दरबाराने चौकशी करून त्याला तोतया ठरविले आणि कैदेत ठेवले, तरी कैदेतून सुटताच त्याने कोकणात फौज जमवून किल्ल्यामागून किल्ला असा काही ताब्यात घेतला, की त्याच्या बंदोबस्ताखातर दरबाराला मोठी फौज रवाना करावी लागली, आणि १७७६ च्या अखेरीस त्याला देहान्त शासन झाले तेव्हाच ते प्रकरण मिटले. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे हा इतिहास मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला. दरबाराचा तो निवाडा प्रमाण धरला, तर या प्रकरणात लक्षात राहण्याजोगी गोष्ट म्हणजे त्या माणसाचा निःशंकपणा होय: पकडले जाण्याचे भय त्याला असेल, परंतु जे आपले नाही ते मागताना त्याची जीभ अडखळली नाही, आणि एक किल्ला हाती आल्यावर दुसऱ्याची मागणी करण्यास त्याला संकोच वाटला नाही.

याच्या अगदी उलट अवस्था आज आपल्या घरांत, कचेऱ्यांत व महाविद्यालयांत पदोपदी पाहावयास मिळते. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकून, घराण्यात कोणीही पदवीधर नसताना, स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण होऊन तहसीलदाराच्या खुर्चीवर बसलेली तरुणी. गुणांच्या बळावर पुण्यामुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झालेला, परंतु वर्गातील अस्खलित इंग्रजी ऐकून तोंडच न उघडणारा विद्यार्थी. बढतीचा हुकूम हाती पडताच आनंदाऐवजी धास्तीने ग्रासलेला मध्यमवयीन अधिकारी. शिक्षण पुरे करून प्रथमच स्वतंत्रपणे रुग्ण तपासणारी डॉक्टर. या सर्वांना आपापली जागा रीतसर, नियमाने व श्रमाने मिळालेली असते, आणि तरीही आपली निवड कुठल्यातरी चुकीने झाली, ती चूक आज ना उद्या उघडकीस येईल आणि मग चारचौघांत आपली शोभा होईल, अशी बोच त्यांच्या मनाला अहर्निश लागलेली असते. खऱ्या तोतयाला जी शंका शिवत नाही, ती खऱ्या हक्कदाराला छळते, ही मनुष्यस्वभावातील मोठी विसंगती आहे, आणि तिच्यापायी समाजाचे जे नुकसान होते त्याची आपण पुरेशी दखल घेत नाही, असे माझे मत आहे.

अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाशी संबंधित असलेल्या पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी १९७८ मध्ये या अवस्थेचे प्रथम पद्धतशीर वर्णन केले. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवरून त्यांना असे आढळले की, पदव्या, मानमरातब आणि वरिष्ठांची प्रशंसा हे सारे पदरी असूनही यांपैकी अनेकींना आपण इतरांची फसवणूक करीत आहोत असे मनापासून वाटे. पुढील संशोधनात पुरुषही या अवस्थेतून सुटलेले नाहीत असे दिसून आले. ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ या नावाने ती आज सर्वतोमुखी झाली असली, तरी क्लान्स आणि आइम्स यांनी तिला व्याधी म्हटले नव्हते, आणि मानसिक विकारांच्या मान्यताप्राप्त वर्गीकरणातही तिला स्थान नाही. ही मनाला लागलेली एक खोड आहे, आणि खोड जशी लागते तशी ती सुटूही शकते.

या खोडीचे कार्य मोठे चमत्कारिक आहे. एखादे जबाबदारीचे काम अंगावर आले की असा मनुष्य एकतर गरजेच्या कितीतरी पट अधिक राबतो, किंवा भीतीपोटी ते काम शेवटच्या घटकेपर्यंत लांबणीवर टाकून मग घाईघाईने उरकतो. पहिल्या रीतीने यश आले तर ‘इतके राबल्यावर कोणालाही जमले असते’ असे तो म्हणतो; दुसऱ्या रीतीने आले तर ‘या वेळी दैवाने तारले’ असे म्हणतो. म्हणजे यश कोणत्याही वाटेने येवो, त्याचे श्रेय त्याच्या बुद्धीच्या किंवा कौशल्याच्या नावावर कधी चढत नाही, आणि अपयश मात्र यत्किंचित असले तरी ते संपूर्णपणे त्याच्या योग्यतेवर चढविले जाते. अशा न्यायासनासमोर कितीही पुरावा सादर केला तरी फिर्यादीचा निकाल आरोपीच्या बाजूने लागणे अशक्य आहे. म्हणूनच भीती मनुष्याकडून काम करून घेते व ती उपयुक्तच आहे, हा जो युक्तिवाद वारंवार ऐकू येतो तो मला मान्य होत नाही. भीतीने करविलेल्या कामाचे श्रेय भीतीच घेऊन जाते, आणि काम करणारा होता तेथेच राहतो.

दुसरा आक्षेप अधिक आदरणीय आहे, कारण तो आपल्या संस्कारांतून येतो. विनय हा आपल्याकडे विद्येचा अलंकार मानला गेला आहे, तेव्हा स्वतःविषयी कमीपणा वाटणे यात वाईट ते काय, असे कोणी विचारील. परंतु ज्ञानेश्वरांचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. संतांपुढे व श्रोत्यांपुढे ते स्वतःस लहान म्हणवितात, आपल्या धार्ष्ट्याबद्दल क्षमा मागतात, आणि ती मागून झाल्यावर शके १२१२ मध्ये नऊ हजारांच्या घरातील ओव्यांचा ग्रंथ मराठीस देऊन मोकळे होतात. विनयाने त्यांची वाणी थांबली नाही. विषयाची थोरवी ओळखून ती अधिक सावध व अधिक समर्थ झाली. ज्या भावनेची आपण चर्चा करीत आहोत ती मनुष्यास मूक करते. विनयी मनुष्याची दृष्टी विषयाच्या विस्ताराकडे असते, तर या भावनेने ग्रासलेला मनुष्य क्षणोक्षणी स्वतःकडेच पाहत राहतो. एखाद्या डॉक्टरने आपले निदान पुन्हा एकदा पडताळून पाहावे हे उचितच. पण आपले अज्ञान उघडे पडेल या भयाने तिने अनुभवी सहकाऱ्यास शंकाच विचारू नये, हे रुग्णाच्या दृष्टीने घातक आहे. कामाविषयीची शंका आणि काम करण्याच्या आपल्या अधिकाराविषयीची शंका या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली जपावी, दुसरी निकालात काढावी.

ही दुसरी शंका माणसाच्या मनात आपोआप उगवते असे समजणे मात्र अन्यायाचे होईल. पुष्कळदा ती बाहेरून पेरलेली असते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाऊन विद्याविभूषित होऊन परतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्याच संस्थानच्या सेवेत रुजू होताना राहावयास जागा मिळेना, आणि पारशी नाव धारण करून एका पारशी वसतिगृहात आश्रय घ्यावा लागला. जात उघड होताच तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. अव्वल दर्जाच्या विद्वानाला खोटे नाव घ्यावयास लावणारा समाज आपला आहे, हे विसरून चालणार नाही. आजही राखीव जागेवर प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यास ‘तुला कसा प्रवेश मिळाला’ असा कुत्सित प्रश्न विचारला जातो, बाईमाणसाच्या बढतीमागे वशिला शोधला जातो, आणि ग्रामीण उच्चारांना हसणे हा शहरी वर्गांतील शिष्टाचार होऊन बसतो. दररोज हे ऐकणाऱ्याने एके दिवशी तोच प्रश्न स्वतःस विचारावयास आरंभ केला, तर त्यात त्याच्या मनाचा दुबळेपणा कोणता? अशा मनुष्यास केवळ ‘आत्मविश्वास वाढव’ असे सांगणे म्हणजे ज्यांनी शंका पेरली त्यांना जबाबदारीतून मुक्त करणे होय.

या संदर्भात मला कमलाबाई सोहोनी यांच्या चरित्राचे विशेष मोल वाटते. माहेरच्या त्या भागवत. विदुषी दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. मुंबईत रसायन व पदार्थविज्ञान घेऊन उत्तम रीतीने पदवी मिळविल्यावर १९३३ मध्ये त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला, तो संस्थेचे तत्कालीन संचालक सर सी. व्ही. रामन यांनी, अर्जदार स्त्री आहे या कारणास्तव, नाकारला. नोबेल पारितोषिकाचा मान नुकताच मिळालेल्या जगद्विख्यात शास्त्रज्ञाने दिलेला नकार हा बाविशीच्या आसपासच्या मुलीने विधिलिखित म्हणून स्वीकारला असता, तर कोणी तिला दोष दिला नसता. परंतु कमलाबाई बंगळुरूस गेल्या, प्रत्यक्ष रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळवूनच परतल्या. मात्र तो अटींवर मिळाला. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, आणि वर्षअखेर त्यांचे काम पाहून पुढचे ठरणार होते. अट अपमानास्पद होती यात शंका नाही. तथापि वर्ष संपले तेव्हा त्यांच्या कामाविषयी संचालकांचे समाधान झाले होते, आणि पुढे स्त्री-विद्यार्थिनींसाठी त्या संस्थेची दारे खुली झाली. तेथून त्या केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावर त्यांनी संशोधन केले, आणि १९३९ मध्ये त्या विद्यापीठाची पीएच्.डी. मिळवून विज्ञानशाखेतील ही पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन केले, त्या संस्थेचे संचालकपद भूषविले, आणि नीरा या पेयाच्या पोषणमूल्यावर महत्त्वाचे संशोधन केले.

या चरित्रातील ती एक वर्षाची मुदत मला अर्थपूर्ण वाटते. सरकारी कचेऱ्यांत पूर्वी होतकरू तरुण उमेदवारी करीत. काम शिकत, कारकुनांचे बोलणे खात, आणि ठरावीक काळानंतर लायकी सिद्ध झाली की कायम होत. कमलाबाईंवर लादलेली उमेदवारी अन्यायाची असली तरी तिला मुदत होती, आणि मुदतीअंती पुरावा पाहून निकाल द्यावा लागत होता. जो मनुष्य स्वतःच्या योग्यतेवर सदैव संशय घेतो, त्याने स्वतःवर लादलेल्या उमेदवारीला मुदतच नसते. वीस वर्षे नोकरी झाली, शेकडो प्रकरणे निकालात निघाली, हाताखालची माणसे सल्ला विचारू लागली, तरी त्याच्या लेखी तो अद्याप उमेदवारच असतो. एवढी कठोर अट कोणत्याही निर्दय वरिष्ठानेही कधी घातलेली नाही.

मग उपाय काय? आरशासमोर उभे राहून ‘मी समर्थ आहे’ असा जप करण्याचा सल्ला देणारी व्यक्तिमत्त्वविकासाची शिबिरे गावोगाव भरतात. त्यांतून तात्पुरती उभारी मिळत असेल, पण ती टिकत नाही याचे कारण मानसशास्त्रानेच दाखविले आहे. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये स्वसामर्थ्यावरील विश्वासाची जी मीमांसा मांडली, तीत या विश्वासाचे चार उगम सांगितले: स्वतः तडीस नेलेले काम, आपल्यासारख्याच दुसऱ्याने तडीस नेलेले पाहिलेले काम, इतरांचे उत्तेजन, आणि शरीर-मनाची अवस्था; आणि या चारींत पहिल्यास त्यांनी सर्वांत बलवत्तर मानले. म्हणजे आत्मविश्वास हा कामाच्या आधी अंगी बाणवून घेण्याचा गुण नसून, केलेल्या कामाची नोंद मनाने मान्य केल्यावर मागाहून येणारे फळ आहे. भीती वाटत असतानाच काम हाती घ्यावे लागते. ती जाण्याची वाट पाहत बसणाऱ्यास ती कधीच सोडत नाही.

म्हणून ज्याला या शंकेने घेरले आहे त्याने आपल्या कामाचे एक छोटेसे दफ्तर ठेवावे, असे माझे सांगणे आहे. काम कोणते होते, अडचण कोठे आली, आपण काय केले, साहाय्य कोणाचे घेतले, परिणाम काय झाला, एवढेच त्यात प्रामाणिकपणे लिहावे. चूक झाली असल्यास तीही लिहावी. भीतीच्या क्षणी स्मरण पक्षपाती होते व केवळ चुकाच पुढे आणते. लिखित नोंद पक्षपात करीत नाही. दुसरे असे की ही शंका बोलून दाखवावी, विशेषतः ज्येष्ठांनी ती कनिष्ठांपाशी बोलून दाखवावी. प्रारंभी आपलेही हात कापत होते, हे एखाद्या प्राध्यापकाने किंवा कार्यकारी अभियंत्याने नवागतास सांगितले, तर तो जी गोष्ट केवळ आपलेच गुपित समजत होता ती अनेकांची आहे हे त्याला कळते, आणि गुपित राहिले नाही की तिचे अर्धे सामर्थ्य ओसरते.

परंतु व्यक्तीने इतके केले तरी संस्थांचे कर्तव्य उरतेच. शाबासकी मोघम असू नये. कोणते काम का चांगले झाले हे वरिष्ठाने नेमके सांगावे, कारण मोघम स्तुती शंकेखोर मनास शिष्टाचार वाटते. वर्गात मराठीतून शंका विचारण्याची मोकळीक असावी. निवड एकदा नियमाने झाल्यावर ती कोणत्या जागेवर झाली याची चर्चा सहकाऱ्यांनी करणे हे गैरवर्तन मानले जावे. आणि पंचाण्णव टक्के गुण घेऊन आलेल्या लेकरास उरलेल्या पाच टक्क्यांचा हिशेब विचारणाऱ्या आईवडिलांनी, आपण त्याच्या हाती कसली शिदोरी देत आहोत याचा शांतपणे विचार करावा.

रीतसर मिळालेली जागा मनाने स्वीकारणे यात अहंकार नाही. आपल्या घराण्यातून, आपल्या गावातून किंवा आपल्या समाजातून जो प्रथमच एखाद्या जागी पोहोचतो, तो तेथे संकोचाने कोपऱ्यात उभा राहिला तर मागून येणाऱ्यास ती जागा आपलीही असू शकते हे कसे समजावे? बंगळुरूच्या संस्थेत कमलाबाई अटी पाळून टिकल्या व आपल्या कामाच्या बळावर कायम झाल्या, म्हणून पुढच्या मुलींना तेथे अर्ज करता आला. एवढ्याकरिताच, ज्याने आपली लायकी कामाने सिद्ध केली आहे त्याने आपली उमेदवारी स्वतःच्या हाताने संपवावी, स्वतःस कायम करावे, आणि मग नव्याने आलेल्यास शेजारी बसवून काम शिकवावयास लागावे.