उशा किती लागतात, हे विचारले काय?

पाठीशी दोन-तीन उशा घेऊन, अर्धवट बसूनच रात्र काढणारा रुग्ण वऱ्हाडातील प्रत्येक वैद्याने पाहिलेला आहे. जिनिंगमधील धूळ, गार वारा ही कारणे तो स्वतःच सांगतो आणि आपण तमकश्वासाची योजना सुरू करतो. आमच्या मते येथेच क्षणभर थांबणे अगत्याचे आहे.

तमकश्वासाचा रुग्ण आडवा होताच अधिक त्रस्त होतो व बसल्यावर त्यास बरे वाटते, असे वर्णन चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात केले आहे. हृदयाच्या तीव्र अकार्यक्षमतेतही नेमके हेच घडते. हृदयाचा डावा कप्पा क्षीण झाला की फुप्फुसांत रक्त तुंबते. आडवे होताच पायांकडील रक्त छातीकडे परतून तो भार वाढतो. लक्षण एक, व्याधी दोन.

चुकीचे मोल मोठे आहे. त्रिवेंद्रम येथे 2013 साली 18 रुग्णालयांत या व्याधीने दाखल झालेल्या 1205 रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. त्यांपैकी सुमारे साडेआठ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले.

दाखल रुग्णांच्या श्वासकष्टाचाही स्वतंत्र अभ्यास झाला आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, 524 रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात पहिल्या सहा तासांच्या उपचारानंतर बसलेल्या स्थितीत चारपैकी सुमारे तिघांना आराम वाटला. परंतु आडवे करताच अनेकांचा दम उफाळून आला. बसलेल्या रुग्णाच्या ‘बरे आहे’ या उत्तरावर विसंबू नये, हा यातील बोध आहे. आपल्या चिकित्सालयात तर रुग्ण खुर्चीवर बसूनच बोलतो!

म्हणून आमची विनंती अशी की, प्रत्येक श्वासरुग्णास चार प्रश्न विचारून उत्तरे केसपेपरवर लिहावीत. उशा किती लागतात? झोपेतून गुदमरून जाग येते काय? पायांवर सूज आहे काय? आठवड्यात वजन वाढले काय? शून्य ते दहा या मापात दम किती, हेही बसून व आडवे करून निरनिराळे नोंदवावे. शंका येताच इर्विन असो वा सर्वोपचार, रुग्णास चिठ्ठीसह तत्काळ पाठवावे. धारणीहून अमरावती गाठण्यास काही तास लागतात. तेथील वैद्याने तर सकाळची वाट पाहूच नये.

औषधविक्रेत्या बंधूंनाही दोन शब्द. पोट जड आहे, भूक नाही, म्हणून लवणभास्कर मागणाऱ्याच्या पायांकडे एकदा पाहावे. हृदयरोगातही पोट जड होते, आणि शोथात लवण वर्ज्य आहे हे आपलेच शास्त्र सांगते. खोकल्यासाठी दीर्घकाळ घेतलेले यष्टिमधु शरीरात पाणी व क्षार धरून ठेवते, पोटॅशियम घटवते. डिगॉक्सिन घेणाऱ्यास ते घातक ठरू शकते.

रुग्ण पुढे पाठविल्याने वैद्याचा मान कमी होतो, ही समजूत आम्हांस मान्य नाही. तो बरा होऊन परतला, तर पथ्य, मिठावरील नियंत्रण व दैनंदिन वजनाची नोंद यांसाठी आपल्याच दारी येणार आहे. अमरावती व अकोला येथील सदस्यांनी अशा नोंदी वर्षभर जरी प्रामाणिकपणे ठेवल्या, तरी वऱ्हाडातील श्वासरुग्णांविषयी ठामपणे बोलण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होईल.